निळ्या चपलांचा नंबर

झोंबाच्या डोंगराखालच्या त्या इस्पितळात अपघात विभागातली हिरवी खोली झिओने सिस्टरची. दारात तपासून ज्याला हिरवं कार्ड मिळेल तो थांबू शकणारा. त्याला डॉक्टर नाही, झिओनेच बघणार. खोकला, खरूज, पोटदुखी. काम तिच्या हातचा मळ होतं आणि ती त्यात खूश होती. धास्ती एकच, हिरवं कार्ड हातात धरून कुणी बसल्या जागी जायला नको.

बाहेर रांग चपलांची. आपल्या चपला लावायच्या आणि आंब्याखाली जाऊन बसायचं. मालक जागेवर नसला तरी मागच्याने त्याच्या चपला इमानाने पुढे सरकवायच्या. त्यात रोज एक निळी जोडी असे, डावीचा पट्टा तारेने बांधलेला. मालक कधी दिसला नाही. झिओने ती जोडी सोडून मागच्याला हाक मारी.

हळूहळू तिच्या ध्यानात आलं. निळ्या जोडीमागे ज्याच्या चपला, त्याचं दुखणं आत लपलेलं. गॅस झालाय म्हणणाऱ्या मासेवाल्याचं हृदय. नुसतं डोकं दुखतंय म्हणणाऱ्या गरोदर पोरीचा रक्तदाब. मग ती आल्या आल्या त्यालाच आधी आत घेऊ लागली. तेव्हापासून आंब्याखाली एकही माणूस दगावला नव्हता.

"सिस्टर, तुम्हाला आजाराचा वास येतो का हो?" शिपाई काजोम्बो विचारी.

"तुझा येतो. आंघोळ करत जा," ती म्हणे.

एके सकाळी निळ्या जोडीमागे त्साला होती, टोमॅटोवाली. पायात काटा. झिओनेने काटा काढला, मग छाती, पोट, रक्त, साखर, सगळं पाहिलं. काही नाही. पुन्हा पाहिलं.

"एका काट्यापायी एवढं?" त्साला हसली. "माझे टोमॅटो उन्हात सडतायत. त्या माझ्या पुढच्या आगोगोंना, आजीबाईंना घ्या की. म्हातारं माणूस, कधीच्या उभ्या आहेत."

झिओनेने दाराबाहेर पाहिलं. निळ्या चपला होत्या. कुणी उभं नव्हतं.

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतके दिवस नंबर असून आपण यांनाच डावललं.

त्साला गेल्यावर तिने चपला उचलून खुर्चीपुढे ठेवल्या. त्या आतून कोमट होत्या.

"बसा, आगोगो."

रक्तदाबाचा पट्टा तिने खुर्चीच्या हाताच्या जरा वर, अधांतरी गुंडाळला आणि सोडला.

तो पडला नाही.

फुगला. यंत्रावर आकडे उमटले. अगदी चांगले आकडे.

"ठणठणीत आहात की," झिओने म्हणाली. तिला मनातून बरं वाटत होतं. "घरी जा आता. पुन्हा यायची गरज नाही."

पट्टा सैल होऊन खाली पडला. उचलायला ती वाकली तेव्हा खुर्चीपुढे चपला नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी ती गुणगुणतच कामावर आली. रांग फाटकापर्यंत गेली होती. काळ्या, लाल, पिवळ्या चपला. निळी जोडी कुठेच नव्हती.

आंब्याखालून सगळे तिच्याकडे बघून हसले. प्रत्येकाच्या हातात हिरवं कार्ड होतं. त्यातल्या कुणाला आधी हाक मारायची, ते तिला कळेना.