ठिपकेवाली

तो दारात उभा राहिला तेव्हा तिने मानही वर केली नाही. रोज कुणी ना कुणी वाचायला यायचंच.

"बसा. हा फॉर्म मोठ्याने वाचा. अडखळलात तरी चालेल," म्हणत तिने कागद पुढे सरकवला आणि पेन्सिल उचलली.

साध्या माणसाला फॉर्म किती जड जातो, हे मोजणं तिचं काम. वाचणारा जिथे अडखळेल तिथे एक ठिपका. तीनपर्यंत चालतात, चौथा पडला की फॉर्म परत. ऑफिसात तिला सगळे ठिपकेवाली म्हणत.

ऑपरेशनआधी रुग्णाची सही घ्यायचा फॉर्म होता. त्याचा आवाज छान होता... जरा जास्तच छान. पण तिसऱ्या ओळीत गाडी अडली. एकूण सहा ठिपके.

"कुणी लिहिलाय हा? सही करायच्या आधीच माणसाला घेरी येईल."

"मीच," तो खाली बघत म्हणाला. "हॉस्पिटलातून आलोय, निकाल न्यायला."

तिने जीभ चावली.

मग दर बुधवारी तो नवा मसुदा घेऊन येऊ लागला. वाचक वाचून गेला, की दोघं एकेका वाक्याशी झटत बसत. खिडकीतलं ऊन टेबलावरून कधी सरकून जाई, कळतही नसे.

"'भूल देण्यात येईल'च्या जागी?"

"'तुम्हाला झोपवू.' आणि 'मग उठवू' हेही लिहा. घाबरलेल्या माणसाला तेच ऐकायचं असतं."

तो तिच्याकडे बघतच राहिला. तिने उगाचच पेन्सिलीला टोक काढलं.

पाचव्या बुधवारी एक म्हातारे शिंपीकाका वाचायला आले. तीन ठिपके पडले. शेवटच्या ओळीत ते क्षणभर थांबले... अडखळले, की नुसता श्वास घेतला? तिची पेन्सिल कागदाला टेकली. आणखी एक ठिपका, की आणखी एक बुधवार हातात. नाहीतर यापुढे तो कशाला येईल इथे? तिला रडूच यायला लागलं. पण काकांनी श्वासच घेतला होता, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने पेन्सिल खाली ठेवली.

"पास," ती म्हणाली.

काका गेले. तो मात्र हलेना. त्याचा चेहराही उतरलेला. शेवटी त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला.

"एक मजकूर राहिलाय. एकच ओळ आहे."

"वाचा."

"मला... तुम्ही... फार... आवडता."

तिने तो कागद त्याच्या हातातून घेतला आणि अगदी मन लावून त्यावर ठिपके दिले. एक, दोन, तीन.

"नापास?" त्याने घाबरत विचारलं.

"तीनपर्यंत चालतात," ती म्हणाली, आणि तो कागद फाइलला न लावता तिने आपल्या पर्समध्ये ठेवला.