काळ्या पट्टीखालचं नाव

तो पहिल्यांदा आला तेव्हा त्याच्या काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक कुजकी फळी होती. बाहेर धड पाऊस नाही, धड बर्फही नाही, असं काहीतरी पडत होतं. दारापासून माझ्या खिडकीपर्यंत त्याच्या बुटांनी तळं करून ठेवलं.

"इथे लाकूड घेत नाहीत," मी म्हटलं. "फक्त अर्ज."

"मग अर्ज द्या. फळी शेजारी बसेल, त्रास नाही देणार."

मला हसू आलं. आमच्या नगरपालिकेत नोव्हेंबरात कुणी कुणाला हसवत नाही. मान वर करून पाहिलं, तर हसवणाऱ्याचेच डोळे सुजलेले होते.

"नाव?"

"ब्लाझेय सोवा."

माझं हसू तिथल्या तिथे विरलं. सोवाबाई शाळेच्या स्वयंपाकघरात होत्या. तीन आठवड्यांपूर्वी कामावर जाताना नदीवरच्या पादचारी पुलाची फळी तुटली आणि त्या पाण्यात गेल्या. पोलिसांनी लिहिलं, ओल्या पुलावरून पाय घसरला. ऑस्ट्रियात सुतारकाम करणारा मुलगा अंत्यविधीला आला आणि मागे राहिला, तो हा.

त्याने खिशातून एक कागद काढून माझ्यापुढे सरकवला. आमच्याच वेबसाइटवरून छापलेला. स्लोव्हाकियात पालिकेने झाडू घेतला तरी त्याचं बिल लोकांसाठी नेटवर टाकावं लागतं, आणि आमच्या गावात सहा वर्षं ते मीच टाकत होते. सही ही खासगी गोष्ट, म्हणून स्कॅन करण्याआधी तिच्यावर काळा मार्कर फिरवायचा. त्या कागदावर लिहिलं होतं: पादचारी पूल, लार्चच्या चाळीस नव्या फळ्या, बसवून. खाली 'काम झाल्याची खात्री केली', आणि पुढे काळी पट्टी.

"ही फळी त्या पुलावरची," तो म्हणाला. नखाने दाबलं तसा लाकडाचा भुगा झाला. "पाण्यात टिकणारं महागडं लार्च नाही, साधा पाइन. वीस वर्षं तरी जुना. माझी आई घसरली नाही, बाई. मला फक्त एवढंच हवंय... या पट्टीखाली कोण आहे?"

मी अर्जावर शिक्का मारला. "कायद्याने आठ कामाचे दिवस लागतात."

पट्टीखाली मी होते.

जूनमधला शुक्रवार होता. आमचे विभागप्रमुख गाल्को कागद घेऊन आले. "सही कर गं दोरोता, फळ्या सोमवारी बसतायत. आज बिल गेलं नाही तर ठेकेदार माझं डोकं खाईल." केली सही. पूल ऑफिसपासून दहा मिनिटांवर, पण मी गेले नाही. स्वतःच्याच सहीवर मार्कर फिरवला, बिल नेटवर टाकलं आणि आइस्क्रीम खायला गेले. सप्टेंबरात गाल्कोच्या वाढदिवसाला त्याच्या डोंगरातल्या बंगलीवर नव्या कोऱ्या ओसरीत उभी राहून वाइन प्यायले. खाली पाहिलं तर लार्च. कळलं मला, तिथेच कळलं. आणि मी गप्प बसले. ऑक्टोबरात सोवाबाई गेल्या.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा हजर. फळी माझ्याच टेबलाखाली ठेवून गेला होता, पुरावा म्हणून.

"आज कितवा दिवस?"

"दुसरा. रोज यायची गरज नाही. उत्तर टपालाने येतं."

"टपालाला तुमच्यासारख्या आठ्या घालता येत नाहीत."

तिसऱ्या दिवशी त्याचं लक्ष माझ्या बोटांवरच्या काळ्या डागाकडे गेलं. "शाईच जेवता की काय?" म्हणत त्याने माझं बोट धरलं आणि अंगठ्याने डाग पुसायला लागला. खरखरीत अंगठा, पण घासणं किती हलकं... डाग काही निघाला नाही. मी हात काढून घ्यायला हवा होता. नाही घेतला. इतकी लाज आणि इतका आनंद एकाच वेळी मला कधी झाला नव्हता.

चौथ्या दिवशी पहिला खरा बर्फ पडला. दुपारच्या सुट्टीत समोरच्या खानावळीत आम्ही कपातून वाफाळती वाइन घेतली.

"आता 'तुम्ही' पुरे," तो म्हणाला. रीतीप्रमाणे कपाला कप लावला. "ब्लाझेय."

"दोरोता."

"बघ, आठ्या गेल्या."

सहाव्या दिवशी त्याने डबा आणला. आत खसखशीचा रोल होता, आमच्याकडे नाताळात करतात तसा.

"आईच्या फ्रीझरमधला शेवटचा. एकट्याच्या घशाखाली उतरत नाही... अर्धा तू खा."

"नको रे, तुझ्या आईचा—"

"म्हणूनच."

खाल्ला. का नको, हे सांगायची हिंमत नव्हती म्हणून खाल्ला. गोड होता, मऊ होता, आणि प्रत्येक घास गिळताना माझा जीव जात होता.

"हे सगळं संपलं ना, की मी ऑस्ट्रियाला परत जाणार नाही," तो डब्याकडे बघत म्हणाला. "म्हणजे... कुणी थांब म्हटलं तर."

"कोण म्हणणार तुला?"

"असेल कुणीतरी. आठ्या घालणारं."

माझं त्याच्यावर प्रेम बसलं होतं. आडवळणाने कशाला सांगू? आणि तो जिला शोधत होता, ती त्याच्यासमोर बसून दातातली खसखस काढत होती.

सातव्या दिवशी गाल्कोने मला आत बोलावून उत्तर लिहायला सांगितलं. "सही ही खासगी माहिती. अर्ज नामंजूर. करू दे वर अपील, वर्ष जाईल. कंटाळेल आपोआप."

"त्याची आई गेली, साहेब."

"आणि खात्री कुणी केली, दोरोता? त्या कागदावर सही कुणाची आहे? माझी तर नाही."

खोटं नव्हतं ते. घरी आल्यावर मी अंगावरचा कोटही न काढता तशीच बसून राहिले.

आठव्या दिवशी सकाळी ऑफिसात कुणी यायच्या आत मी फाइलमधून मूळ बिल काढलं. मार्कर ड्रॉवरमध्येच राहू दिला. कागद तसाच स्कॅन केला. शेऱ्याच्या चौकटीत लिहिलं: 'काम झालं की नाही हे पाहायला मी गेले नाही. फळ्या पुलावर बसल्याच नाहीत. त्या विभागप्रमुख गाल्को यांच्या बंगलीच्या ओसरीला आहेत. हे मला सप्टेंबरपासून माहीत होतं. दोरोता मिकुलोवा.' प्रसिद्ध करायचं का, असं यंत्राने विचारलं. मी हो म्हटलं.

दहाला तो आला. केसांवर बर्फ, हातात दोन कप.

"आज आठवा."

मी स्क्रीन त्याच्याकडे वळवली. त्याने वाचलं. पुन्हा वाचलं, बोट ठेवून, एकेक शब्द. कप टेबलावर ठेवायला त्याला फार वेळ लागला.

"तू?"

"मी."

"रोल खाताना..."

"तेव्हाही माहीत होतं." मी खुर्चीतून उठले. "ब्लाझेय, माझं प्रेम आहे तुझ्यावर. हे आत्ता बोलू नये, कळतंय मला. पण यानंतर तू मला बोलू कधी देणार?"

 त्याने वाकून टेबलाखालची फळी घेतली आणि वर्तमानपत्रात नीट गुंडाळली.

"उत्तर मिळालं, बाई," तो म्हणाला. "आभारी आहे तुमचा."

दोन्ही कप तिथेच राहिले. संध्याकाळपर्यंत मी त्यांना हात लावला नाही.

पुढचं गावाला ठाऊक आहे. गाल्कोवर खटला चालू आहे. सोवाबाईंच्या कागदावरचं 'पाय घसरला' पोलिसांनी खोडलं. माझी नोकरी गेली, शिक्षा स्थगित झाली, आणि मी आता रोपवाटिकेत कुंड्या भरते. बेकरीत लोक माझ्यामागे रांगेत उभं राहायचं टाळतात. टाळू देत.

एप्रिलमध्ये घरी बसून, इतर कुणाही नागरिकासारखं, मी पालिकेची वेबसाइट उघडली. नवा करार दिसला: पादचारी पूल, लार्चच्या चाळीस फळ्या, सुतार ब्लाझेय सोवा, मजुरी एक युरो.

पंधरा दिवस मी रोज कोट घातला आणि काढून ठेवला. सोळाव्या दिवशी निघाले. पालिकेवरूनच वाट आहे, तिथून दहा मिनिटं. नदी बर्फ वितळून फुगलेली होती. नव्या लाकडाचा वास पुलाआधीच येत होता. मी पहिल्या फळीवर पाय ठेवला आणि मोजत निघाले. प्रत्येक फळीवर थांबले, दोन्ही पायांनी भार दिला, मग पुढची.

पलीकडच्या टोकाला तो गुडघ्यावर बसून कठड्याचे स्क्रू आवळत होता. माझ्याकडे पाठ होती. पावलं त्याने ओळखली असावीत, कारण हात थांबला.

"मोजल्यास?" मागे न वळता त्याने विचारलं.

"चाळीस."

त्याने हातातला स्क्रू शेवटपर्यंत आवळला.

"परत मोज," तो म्हणाला.

मी मागे फिरले. पहिल्या फळीपाशी गेले आणि त्याच्या दिशेने पुन्हा मोजायला लागले.