जोडीचं भाडं

जेवून कारागीर परत आला, तेव्हा त्याच्या अर्धवट सोफ्यावर एक बाई आडवी झाली होती. सोफा विमानाची तिकिटं विकणाऱ्या ऑफिसातला, जुना, तिथेच दुरुस्तीला काढलेला. सकाळीच त्याचं कापड फाडून काढलेलं, आतला काथ्या उघडा, दोन स्प्रिंगा वर आलेल्या. आणि त्यावर ही बाई डोळे मिटून पडलेली. चपला तेवढ्या खाली नीट जोडून ठेवलेल्या.

"अहो बाई... उठा. स्प्रिंग टोचेल."

"टोचू दे," ती डोळे न उघडता म्हणाली. "बाकी जे टोचतं त्यापेक्षा बरी आहे."

"मग मी काम कुठे करू?"

"वीस मिनिटं बसा कुठेतरी. तुम्हाला बसता येतं ना? मग बसून घ्या."

बाई तऱ्हेवाईक दिसते, असं मनात म्हणत तो स्टुलावर बसला. वीस मिनिटांनी ती उठली. उठली म्हणजे आधी कुशीवर वळली, मग हात टेकला, मग ओठ घट्ट दाबून हळूहळू उभी राहिली. कपाळावर घाम आला होता. तो पुसून ती त्याच्याकडे बघून हसली.

"छान सोफा आहे हो. पाठ सोडून सगळ्यांना आराम मिळाला."

कारागिराला तोंडात खिळे धरून काम करायची सवय होती. त्या हसण्यानं त्यातला एक खाली पडला. ती तो वाकून उचलू शकली नाही. नुसतं बोट दाखवलं, "तो बघा, तिथे," आणि आपल्या काउंटरवर जाऊन उभी राहिली. तेव्हा त्याच्या लक्षात आलं, तिच्या काउंटरला खुर्चीच नव्हती.

सोफ्याचं काम सहा दिवस चाललं. तीन दिवसांचं होतं, पण चाललं सहा दिवस. रोज दुपारी ती वीस मिनिटं येऊन आडवी व्हायची, आणि तो तेवढा वेळ स्टुलावर बसून राहायचा. तिला तो तिकीटबाई म्हणायला लागला. ती त्याला कारागीर म्हणायची.

तिच्या मागच्या भिंतीवर बेटांची चित्रं होती. निळं पाणी, पांढरी वाळू, वाकलेली झाडं. अकरा वर्षं ती लोकांना त्या बेटांची तिकिटं काढून देत होती, तीही बिझनेस क्लासची, आणि तीही निम्म्या भावात. हे तिला कसं जमतं, हे गावात कुणाला कळत नव्हतं.

"त्यात जादू नाही," ती सोफ्यावरून छताकडे बघत म्हणाली. "पुढच्या मोठ्या सीटा रिकाम्या गेल्या, तर विमान कंपनीला काय मिळतं? वारा. म्हणून त्या गुपचूप अर्ध्या भाड्यात सोडतात. कधी दोन, कधी एकच. त्याही दुसऱ्या लांबच्या शहरातून निघालात तर, आणि तिकडे पावसाळा असेल तर. सकाळी सातला दिसतात, साडेसातला गेलेल्या असतात. भाडं कुणासाठी थांबत नाही, कारागीर."

"तुम्ही किती बेटं पाहिलीत?"

"चित्रातली? सगळी."

"आणि खरी?"

मग तिनं जे सांगितलं, ते भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. मणक्यात गाठ आहे. काढता येत नाही. बसलं की वीस मिनिटांत पाय बधिर होतात. उभं राहणं अजून दोन-तीन महिने जमेल, असं डॉक्टर म्हणतात. त्याच्या पुढचं ते बोलत नाहीत, आणि तीही विचारत नाही.

"साध्या सीटवर दहा तास बसून कोण जाणार? ती मोठी सीट पार आडवी होते, पलंगासारखी. मला चैन नको आहे हो. मला फक्त झोपून जायचंय."

कारागिरानं मान हलवली. सहाव्या दिवशी त्यानं शेवटचं कापड ताणून खिळे मारले आणि हत्यारं गोळा केली. पावती घेता घेता तिनं सहज विचारलं, "पासपोर्ट आहे का तुमच्याकडे?"

"आहे. बाहेरच्या देशात नोकरीचं बोलणं झालं होतं. नोकरी आली नाही, पासपोर्ट तेवढा आला."

"पावतीवरचंच नाव आहे ना त्यावर?"

"हो. का?"

"सवय," ती म्हणाली. "तिकिटं विकणारी बाई दुसरं काय विचारणार?"

चार दिवसांनी ती त्याच्या कारखान्यात आली. कारखाना म्हणजे एक लांबट खोली. फोमचे थर, कापडाचे तागे, बाहेर मालाचा टेम्पो. ती दाराला टेकून उभी राहिली.

"भाडं मिळालं," ती म्हणाली. "पुढच्या महिन्यात, आठ दिवस. पण एक अडचण आहे... भाडं जोडीचं आहे. दोघं असतील तरच सवलत."

"मग ताईंना न्या की." तिची थोरली बहीण तिच्याजवळच राहायची, हे त्याला माहीत होतं.

"विमान इथून सुटत नाही. पाच तासांवरच्या शहरातून सुटतं. तिथवर मला टेम्पोत आडवं घालून न्यावं लागेल. ताईला टेम्पो चालवता येतो?"

"म्हणजे तुम्हाला ड्रायव्हर हवाय."

"ड्रायव्हर हवाय, बॅग उचलणारा हवाय, जोडीला दुसरं नाव हवंय," ती बोटं मोजत म्हणाली. चौथं बोट तिनं दुमडलं, पण काही बोलली नाही. "भाड्याचं माझ्याकडे. तुमचा वाटा म्हणजे टेम्पो. येता का?"

त्याला हो म्हणायचं होतं. पण तो छत्तीस वर्षांचा, एकटा, हिशेबी माणूस. परत आल्यावर काय? ती नसेल तेव्हा काय? जीव लावून मग हात रिकामा करून घ्यायचा, हे कुणी सांगितलंय?

"मला जरा... विचार करायला वेळ द्या."

"घ्या ना."

"भाडं?"

"थांबेल," ती म्हणाली, आणि भिंतीचा आधार घेत निघून गेली.

तो तीन दिवस विचार करत राहिला. चौथ्या सकाळी ऑफिसात जाऊन म्हणाला, "येतो." तिनं मान वर केली नाही. नुसती म्हणाली, "बरं झालं." पण कीबोर्डावरची बोटं थांबली होती.

ताईंनी घर डोक्यावर घेतलं. "लग्न नाही, साखरपुडा नाही, आणि परक्या माणसाबरोबर आठ दिवस! लोक काय म्हणतील?"

"लोकांना सांग, भाडं जोडीचं आहे."

"आणि तुला काही झालं तर?"

"व्हायचं ते घरात बसूनही होणार आहे, ताई. बसून तर जास्तच."

ताई हसल्या आणि लगेच पदरात तोंड लपवून रडायला लागल्या.

टेम्पोतल्या गादीसाठी कारागिरानं फोमचा मोठा तुकडा जमिनीवर टाकला, त्यावर खडूची पूड भुरभुरली आणि तिला त्यावर झोपायला सांगितलं. तो पाठ करून उभा राहिला. उठताना तिनं हात पुढे केला. पहिल्यांदाच. त्यानं तो धरला आणि ती उभी राहिल्यावरही काही क्षण धरूनच ठेवला.

फोमवर तिचा ठसा उमटला होता. खांदे, कंबर, टाचा.

"दुखतं कुठे? बोट ठेवून दाखवा."

"दाखवा काय? दाखव म्हण," ती म्हणाली. "जोडीचं भाडं आहे ना!" आणि ठशाच्या मधोमध बोट ठेवलं. त्यानं तेवढीच जागा सुरीनं कोरून काढली. खाली कडक फोम, वर मऊ, आणि मध्ये ती वाटीएवढी पोकळी. ती परत त्यावर निजली आणि बराच वेळ काही बोललीच नाही.

"टोचतं का?" त्यानं घाबरून विचारलं.

"नाही... कारागीर, पहिल्यांदाच काही टोचत नाही."

विमानात त्यानं सगळ्यांदेखत सीटखाली डोकं घातलं. हवाईसुंदरी धावत आली. "सर, काही पडलं का?"

"नाही हो, शिवण बघतोय. बरी आहे, पण कोपरे घाईत केलेत."

तिकीटबाई हसली आणि हसता हसता कळवळली. मग बटण दाबून सीट पलंगासारखी पसरली, आणि ती त्याच्याकडे तोंड करून झोपली. दोघांच्या मध्ये बुटकी फळी होती. झोपेत तिचा हात फळीवरून त्याच्या बाजूला आला. दहा तासांत त्यानं एकदाही कूस बदलली नाही.

बेटावर आठही दिवस पाऊस होता. पाणी निळं नव्हतं. शिशाच्या रंगाचं होतं. वाळूवर झावळ्या पडलेल्या, बोटी उलट्या घालून ठेवलेल्या.

"चित्रात हा रंग नव्हता," कारागीर म्हणाला.

"चित्रं काढणारे कोरड्या महिन्यांत येतात. पूर्ण भाड्यानं."

त्यानं खोलीतली गादी ओढून व्हरांड्यात टाकली. कोरलेला फोम त्यानं गुंडाळून बरोबर आणलाच होता. ती त्यावर पडून दिवसभर समुद्र बघायची. पाऊस पाण्यावर पडायचा तो आवाज, ओल्या लाकडाचा वास, पागोळ्या. चौथ्या दिवशी तिचा डावा पाय उचलेना. त्या दिवसापासून तो तिला उचलून न्यायला लागला. तिचं वजन फोमच्या दोन तुकड्यांएवढंही नव्हतं.

शेवटच्या संध्याकाळी त्यानं तिला पाण्यापर्यंत नेलं. लाटेत तिच्या टाचा बुडेपर्यंत तो वाकला. पावसात दोघं भिजत होते. तिचं डोकं त्याच्या खांद्यावर होतं. पहिल्या दिवसापासून मनात रुतलेलं त्यानं तेव्हा विचारलं.

"एक विचारू? एकटीचं भाडं मिळालं असतं... तर मला आणलं असतंस?"

उजव्या टाचेनं तिनं लाट जराशी उडवली.

"मिळालं नाही ना," ती म्हणाली. "मग कशाला विचारतोस?"

तिनं त्याच्या गालावरचं पाणी पुसलं. पाऊस पडत असताना त्या पुसण्याला काही अर्थ नव्हता. तरी तिनं पुसलं. पण उत्तर दिलं नाही, आणि त्यानंही परत विचारलं नाही.

परतल्यावर पाचव्या आठवड्यात ती गेली. ताई उशाशी होत्या, कारागीर पायाशी होता. शेवटचे चार दिवस तिला कुणी ओळखू येत नव्हतं.

त्यानंतर लोक त्याला विचारायचे, तुझी ती कोण होती? तो सांगायचा, कोणी नाही. मी जोडीला गेलो होतो. आपण खरंच तेवढेच होतो की काय, हे त्याला कधी कळणार नव्हतं. ड्रायव्हर, हमाल आणि दुसरं नाव. तिनं चौथं बोट दुमडलं होतं, ते कशासाठी, हे विचारायचं राहून गेलं.

चार महिन्यांनी तिकिटांच्या ऑफिसातून बोलावणं आलं. काउंटरच्या खुर्च्या करायच्या होत्या. तिच्या जागी आता तिनंच शिकवलेली मुलगी होती. तिकीटबाई तिला धाकटी म्हणायची. कारागीर खाली मांडी घालून, तोंडात खिळे धरून कापड ताणत होता. समोर एक तरुण जोडपं बेटाची चौकशी करत होतं.

"दोघं मिळून घेतलं तर बिझनेस क्लासला काही सवलत आहे का?" जोडप्यातल्या मुलीनं विचारलं.

"नाही हो," धाकटी म्हणाली. "जोडीचं असं काही भाडं नसतं. सवलत सीटवर असते, माणसांवर नाही."

हातोडी थांबली. कारागिरानं खिळे तळहातावर काढले.

"आमच्या वेळी होतं," तो म्हणाला. "तिकीटबाईंनी काढलं होतं."

"काका, मी अडीच वर्षं इथे आहे. असं भाडं कधीच नव्हतं." त्याचा चेहरा बघून तिनं संगणकात शोधलं. वाचता वाचता तिचा आवाज खाली आला. "अर्ध्या भाड्याची एकच सीट होती. ती तिनं स्वतःला घेतली. तुमची पूर्ण भाड्याची आहे. तिचे विमान कंपनीकडे साठलेले अकरा वर्षांचे पॉइंट होते, ते सगळे तुमच्या तिकिटाला घातलेत."

"म्हणजे ती एकटी जाऊ शकत होती?"

"एकटी, नाहीतर ताईंना घेऊन. टेम्पो काय, भाड्यानंही मिळतो."

मग त्यानं विचारलं, "तारीख काय आहे? तिकीट काढल्याची?"

धाकटीनं तारीख सांगितली. ज्या दिवशी त्यानं सोफ्याचं शेवटचं कापड ताणलं होतं, तो दिवस होता. ती त्याच्या कारखान्याच्या दाराला टेकून उभी राहिली, त्याच्या चार दिवस आधीचा.

"रद्द करता आलं असतं ते? मी नाही म्हणालो असतो तर?"

"नाही. यात नाव बदलत नाही आणि परतही मिळत नाही. फुकट गेलं असतं सगळं."

"आणि मी तीन दिवस लावले," कारागीर म्हणाला. "तिच्याकडे होते किती, आणि मी तिला तीन दिवस ताटकळत ठेवलं."

तो उठला. हातातले खिळे त्यानं काउंटरवर ठेवले. मग तो स्वतःच शिवलेल्या सोफ्याशी गेला, चपला काढून नीट जोडून ठेवल्या, आणि पाठ टेकून आडवा झाला. डोळे मिटले.

"अहो, आम्हाला जरा बसायचं होतं..." जोडप्यातला मुलगा म्हणाला.

"वीस मिनिटं थांबा," धाकटी म्हणाली. "आतून खुर्च्या आणते."