शनिवारचे नाता

पाऊस चुकवायला गार्गी न्यूझीलंडमधल्या लोअर हटच्या नदीकाठच्या बाजारात एका ताडपत्रीखाली शिरली आणि तिच्या तोंडून नकळत "अगं बाई" निघालं.

"आणखी आत या, भिजाल," समोरून चक्क मराठीत उत्तर आलं.

तो ऑल्विन, वसईचा. आठवडाभर कॉम्प्युटरसमोर बसायचा आणि शनिवारी इथे नाता विकायचा. नाता म्हणजे पोर्तुगीजांचे टार्ट – कुरकुरीत पापुद्र्यांची वाटी, आत अंड्याच्या बलकाचं दाट सारण, वर दालचिनी. पोर्तुगीज घरमालकिणीने शिकवले होते. आसपास दुसरीकडे मिळत नाहीत म्हणून तिचे देशबांधव लांबून गाड्या काढून यायचे.

गार्गीने चार घेतले. मग दर शनिवारी घेऊ लागली. ती अंड्याला शिवतही नसे. खायची तिची फ्लॅटमेट सिद्धी, आणि सिद्धीचं मत गार्गी आपलं म्हणून त्याला ऐकवायची. हे आपण का करतो, तिचं तिलाच कळेना. जपाला बसलं तरी दालचिनीचाच वास...

आषाढीला तिने चातुर्मासाचा नेम धरला – खोटं बोलायचं नाही. धरताना शनिवार आठवलाच नाही.

त्या शनिवारी पुन्हा पाऊस होता. नोकरी सोडून दुकान टाकावं का, असं ऑल्विनच्या मनात घोळत होतं. बाकीचे तोंडदेखलं गोड बोलतात, तुम्हीच काय त्या खरं सांगता, असं म्हणून त्याने तिलाच विचारलं, "माझा हात बसलाय का?"

"मला... नाही सांगता येणार."

"एवढे बिघडलेत?"

"तसं नाही – मी अंडंच खात नाही. कधीच नाही."

त्याचा चिमटा हवेतच राहिला. "आणि दालचिनी कमी पडली होती ती?"

"सिद्धीला."

"तळ कच्चा?"

"तिलाच. आता खोटं न बोलायचा नेम आहे माझा, म्हणून..."

तो हसतोय की रागावलाय, तिला उमगेना.

"मग दर शनिवारी येता कशाला?"

गप्प राहणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे, तिने मनाला बजावलं. मन ऐकेना.

"तुम्हाला बघायला." पावसात विरून जावं इतकं हळू म्हणाली ती, पण तो ऐकायलाच वाकला होता.

बराच वेळ तो खोक्याची दोरी बांधत राहिला. गाठ काही बसेना.

"हे सिद्धीला द्या. दुकानाचं मत तिने थेट ऑर्कुटवर कळवावं." मग जरा थांबून, "नेम कधीपर्यंत?"

"कार्तिकीपर्यंत."

"मग तोवर मला बरंच विचारून घ्यायचंय. पुढच्या शनिवारी काही घेऊ नका – नुसत्या या."