परीक्षकाची भुवई

प्रशिक्षण केंद्रातला नळ तिच्या अंगावर उडाला, तेव्हा तो धावत आला. मेन कॉक बंद केला आणि निथळणाऱ्या मुलीकडे न बघता नळाकडे बघत म्हणाला, "वायसर गेलाय." इतकं अरसिक वाक्य ऐकून प्रेमात पडलेली ती बहुधा पहिलीच.

तो प्लंबर. काम येत होतं, प्रमाणपत्र नव्हतं. ती शिकाऊ परीक्षक; लोकांना काम येतं की नाही, हे ओळखायला शिकत होती. तिला शिकवणाऱ्या मोठ्या मॅडमनी बजावलं होतं की बोलायचं नाही, सुचवायचं नाही, चेहरा कोरा ठेवायचा. सराव म्हणून ती दादाला अंडी उकडताना कोऱ्या चेहऱ्याने बघत उभी राहायची. दादाने आईकडे तक्रार केली.

संध्याकाळी त्याने केलेल्या चहाला मात्र चेहरा कोरा राहत नसे.

"माझ्या चहाला किती गुण?" त्याने एकदा विचारलं.

"आमच्यात गुण नसतात. सक्षम, नाहीतर अजून सक्षम नाही."

"अजून... म्हणजे आशा आहे?"

तिने कपात बघितलं. कप रिकामा होता.

परीक्षेच्या दिवशी तो नेमका तिच्याच वाट्याला आला. मॅडमसमोरचं हे तिचं शेवटचं मूल्यमापन; ते झालं की ती पक्की परीक्षक, हुकलं तर पुढच्या तुकडीपर्यंत घरी. त्याने बेसिन बसवलं, पाइप घेतला आणि आट्यांवर गळती थांबवणारी टेप न गुंडाळताच फिरवायला लागला. तिची भुवई वर गेली. एवढीशीच. त्याने ती बघितली, पाइप काढला, टेप गुंडाळली.

बाकी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. तरी ती मॅडमकडे गेली.

"याचं मूल्यमापन मला जमणार नाही. मी भुवईने सांगितलं त्याला."

"का?"

"तो चुकू नये असं वाटलं."

"नात्यातला आहे?"

खोलीतल्या इतर उमेदवारांचे पाने थांबले.

"नाही..." ती म्हणाली, "पण व्हावा, असं वाटतं."

मॅडमनी चष्मा पुसला. मग तिला बाजूला बसवलं, तिचं मूल्यमापन पुढच्या तुकडीवर गेल्याचं सांगितलं आणि त्याला सगळं सोडवून पहिल्यापासून जोडायला लावलं. आता त्या स्वतः बघणार होत्या.

त्याने पाना उचलला. कान लाल झाले होते.

"बाहेर थांबशील?" त्याने खोलीच्या या टोकापासून त्या टोकाला विचारलं.

ती ओठ मिटून बसली. उमेदवाराशी बोलायचं नसतं.

"अगं, तू आता परीक्षक नाहीस," मॅडम म्हणाल्या. "दे उत्तर. त्याला कामाला लागू दे."

"थांबते," ती म्हणाली.