खवखव

चार्वीच्या मनगटावरचं कडं हिरवं होतं, म्हणून मुंजीच्या पंगतीत सगळे निवांत जेवत होते. हे कडं घामातून शरीराची खबर घेई आणि आजूबाजूचं बोलणं ऐकून आपला अंदाज पक्का करी. चार्वीला शेंगदाण्याचं वावडं. दाण्याचा कण जरी पोटात गेला, तरी तिचं शरीर त्याला शत्रू समजून बिथरायचं. तसं झालं, की कड्याने लाल होऊन बोंब मारायची.

"आई, घसा खवखवतोय," नऊ वर्षांची चार्वी म्हणाली.

हेमांगीने तिच्या पानात पाहिलं. अळूचं फदफदं! "वन्सं, यात दाणे असतात. काल फोनवर सांगितलं होतं ना मी?"

"अगं, तिच्या वाटीतले दाणे मी स्वतः वेचून काढलेत," मालिनीवन्सं अभिमानाने म्हणाल्या. "अळू खाजरं निघालंय, दुसरं काय! चिंचेचं बुटुक दे चघळायला."

वेचून काढलेत म्हणे! आणि ते ज्यात शिजले, त्या रसाचं काय? हेमांगीच्या डोक्यात तिडीक गेली.

"कडं हिरवंगार आहे की," नवरा कुजबुजला. "चारचौघांत तमाशा नको."

चार्वीचे ओठ सुजत चालले होते. मानेवर गांध्या उठल्या, आवाज घोगरा झाला. कडं हिरवंच. हेमांगीने पर्समधलं पेनासारखं इंजेक्शन तिच्या मांडीत टोचलं, तिला आडवं केलं आणि ॲम्ब्युलन्ससाठी नवऱ्यावर ओरडली.

दवाखान्यात चार्वी सावरल्यावर हेमांगीने कड्याच्या कंपनीला फैलावर घेतलं.

"कडं बिघडलेलं नाही, मॅडम," फोनवरची मुलगी चाचरली. "ते माणसांकडून शिकतं. तुमच्या भागात कुणाचंही कडं लाल झालं, की लोक म्हणतात, 'काही नाही, अळूची खवखव आहे,' आणि बंद करतात. हजारो वेळा झालंय असं. आता खवखव शब्द ऐकला, की ते गप्प बसतं."

हेमांगीने फोन बंद केला. तेवढ्यात वन्सं आत आल्या.

"बरी झाली ना? म्हटलं नव्हतं, खवखव आपोआप जाते!"

चार्वीच्या मनगटावर कडं लुकलुकलं. "खवखवच होती ना?" त्याने गोड आवाजात विचारलं.

"नाही!" हेमांगी किंचाळली.

कडं पुन्हा हिरवं झालं. हजारो "काही नाही"पुढे तिचं एक "नाही" त्याला ऐकू गेलं असेल का?