गाडी सुरू झाली तर...

पाववाल्याची पिवळी व्हॅन तिच्या दुकानासमोरच रुसली, हा योगायोग.

"जरा धक्का मारता का?" त्यानं विचारलं.

"धक्का मारायला रस्ताभर माणसं आहेत. मी गाड्यांची वायरिंग बघते. उघडा बोनेट!"

दुखणं मोठं लबाड निघालं. तिनं वायरी हलवल्या की गाडी सुरू, चार दिवसांनी पुन्हा ठप्प. मग तो यायचा, ताज्या पावाचा वास घेऊन... आणि ती उगाचच केस सारखे करायची.

आज मात्र त्याचं तोंड उतरलेलं.

"शेवटचं बघा. दुपारी घेणारा येतोय. व्हॅन विकून भावाच्या गावी चाललो. कायमचा."

तिनं बोनेट उघडलं. "सेल्फ मारा," एवढंच म्हणाली.

टक्! दिवे मिणमिणले. बॅटरी ठणठणीत, सेल्फही. मीटर टेकवत ती पुढे सरकली, अन् एका बोल्टपाशी काटा उडाला. बॅटरीची अर्थची वायर बॉडीला बसते, तिथं वायरीखाली पिवळा रंग!

"इथं रंग कुणी फासला?"

"मीच. म्हटलं, आतूनबाहेरून नटवू..."

"धन्य आहात! रंगातून करंट जातो होय?"

हसत तिनं पॉलिश पेपर उचलला, आणि हात थबकला. एवढं घासलं की व्हॅन सुरू. व्हॅन सुरू की हा गेला.

"काय झालं?"

"हात चालत नाहीये." मग तोंडातून निघूनच गेलं, "ही सुरू झाली की तुम्ही जाणार. नका ना जाऊ... मला करमायचं नाही."



"अहो, सुरू होत नाही म्हणून तर विकतोय! दर चार दिवसांनी उशीर, पाव परत. धड चालली तर कशाला मरायला जाऊ तिकडे — तुम्हाला सोडून?"

"मग आधी बोलायला काय झालं होतं?"

"तुमचं सारखं लक्ष मीटरकडे. माझ्याकडे कधी बघितलंत?"

बघितलं तिनं. चांगलं डोळे भरून. मग पत्रा लख्ख होईतो घासला, बोल्ट आवळला.

"मारा!"

पहिल्याच फटक्यात व्हॅन धडधडली. त्यानं तिथूनच फोन लावला. "दादा, व्हॅन विकत नाही. मी येत नाही. लग्न करतोय... कुणाशी? थांब, तिला विचारतो."

फोनवर तळहात ठेवून त्यानं विचारलं.

इंजिनाच्या आवाजात ऐकू जावं म्हणून ती एवढ्या मोठ्यानं "हो" म्हणाली, की पलीकडून दादाच ओरडला, "अरे, हो म्हणाली रे ती!"